सगळ्या घरचं पाणी

आनंदरावांनी तांब्यात पाची बोटं बुडवली आणि समोर बसलेल्या ऋषीच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. ऋषी दचकून मागे सरला. बाकीची सहा मुलं खिदळली.

"झाला राजा," आनंदराव म्हणाले.

"असा कसा झाला सर?" ऋषीनं बाहीनं कपाळ पुसलं. "मुकुट कुठंय?"

"शब्द पुन्हा म्हण पाहू."

"राज्याभिषेक."

"त्यात मुकुट दिसतो का कुठं?"

मुलांनी फळ्यावरच्या शब्दाकडे डोळे बारीक करून पाहिलं, जणू मुकुट एखाद्या वेलांटीखाली लपला असावा. आनंदरावांनी घाई केली नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवून त्यांना एक कळलं होतं, की मूल गप्प असतं तेव्हा रिकामं नसतं. मग त्यांनी खडूनं शब्दाची फोड केली. सिच् म्हणजे शिंपणं, ओतणं. अभि म्हणजे त्याच्यावर, त्याच्याकडे. अभिषेक म्हणजे अंगावर पाणी ओतणं.

"सिंचन!" नूपुर ओरडली. "काटोलले आमच्या मामाच्या बागेत ठिबक सिंचन आहे."

"शाबास. धातू तोच. तुझ्या मामाच्या संत्र्याला जे मिळतं, तेच राजाला मिळायचं."

"म्हणजे ऋषी संत्र्याचं झाड," आनंदरावांची नात नंदिनी म्हणाली.

"अन् तू त्याच्यावरची माकडीण," ऋषी म्हणाला.

हसू ओसरेपर्यंत आनंदराव थांबले. मग त्यांनी सांगितलं, की सम्राट अशोकानं आपल्या शिलालेखांत वर्षं मोजली ती जन्मापासून नव्हे, डोक्यावर पाणी पडलं त्या दिवसापासून. अभिषेकाला इतकी वर्षं झाली तेव्हा मी हे केलं, असं तो लिहितो. मुकुट काय, आरशासमोर उभं राहून स्वतःचा स्वतःला घालता येतो. पाणी मात्र दुसऱ्यांनी आणावं लागतं, दुसऱ्यांनी ओतावं लागतं. तेही एका ठिकाणचं चालत नसे. जुन्या ग्रंथांत त्याची यादीच आहे: वाहत्या नदीचं, भोवऱ्यातलं, समुद्राचं, तळ्याचं, विहिरीचं, ऊन असताना पडलेल्या पावसाचं, आणि दवाचंसुद्धा.

"दवाचं?" नंदिनीनं विचारलं. "ते कसं भरत असतील, आबा?"

"ते तू शोध."

पुढच्या काळातल्या काही वर्णनांत चारही वर्णांचे लोक आपापले कलश घेऊन राजाभोवती उभे असत, असं आहे. त्या चारांच्या बाहेरचे लोक त्या वेळी कुठं उभे असत, ते लिहिलेलं नाही. हे आनंदरावांनी मुलांना सांगितलं नाही.

बेसा भागातल्या मधुबन या फ्लॅटच्या स्कीममध्ये ते मुलाकडे राहायला आले, त्याला चार वर्षं झाली होती. इंदोरा वस्तीतलं जुनं घर लहान पडलं, प्रेमानंदनं कर्ज काढून हा फ्लॅट घेतला. स्कीममध्ये अठ्ठेचाळीस घरं. त्यांत दारावर बुद्धाची तसबीर असलेलं हे एकच. दर रविवारी चार वाजता खालच्या पार्किंगच्या कोपऱ्यात आनंदराव सतरंजी टाकत आणि मुलांना एक शब्द शिकवत. एका रविवारी एकच शब्द. पालकांनाही त्याचं कौतुक होतं. म्हणूनच स्कीमचे सेक्रेटरी गिरिधर, ऋषीचे वडील, सव्वीस जानेवारीसाठी मुलांचं एखादं नाटुकलं बसवा म्हणून गळ घालायला आले होते. आनंदरावांनी एका काल्पनिक राजाची वीस मिनिटांची गोष्ट लिहिली. राजाला कुणी राजा म्हणत नाही, म्हणून तो घरोघर जाऊन पाणी मागतो, अशी.

गिरिधरनी कागद वाचला आणि हसत हसत मांडीवर थाप मारली.

"काय सर! प्रजासत्ताकाच्या दिवशी राजा बसवता?"

"राजा बसवतो, पण पाणी प्रजेचं. ज्या घरानं दिलं नाही त्या घराचा तो राजा नाही."

"मंग आमच्या पोट्ट्याले टँकरचंच पाणी भेटन. स्कीममधे दुसरं आहे काय?"

"तेही चालेल. टँकरचं, बोअरचं, नळाला येणारं कन्हान नदीचं. प्रत्येक घरातून तांब्याभर. सगळं एका घागरीत, आणि घागर त्याच्या डोक्यावर."

"तुमी म्हणाल तसं," गिरिधर म्हणाले. "अन् झेंडाही या वेळी तुमच्याच हातानं. नाई म्हणू नका."

आनंदराव नाही म्हणाले नाहीत. वर जाताना लिफ्ट असूनही ते जिन्यानं गेले.

प्रेमानंद ऑफिसला निघाला होता. वडिलांचं बोलणं त्यानं बुटाची नाडी बांधत ऐकलं. एक बांधून झाली, ती त्यानं सोडून पुन्हा बांधली.

"बाबा, पाणी काहून घेता? फुलं घ्या ना. पाकळ्या उधळा. फोटो भी छान येतात."

"शब्द पाण्याचा आहे, फुलांचा नाही."

"शब्दाचं जाऊ द्या." प्रेमानंदनं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "चार वर्षं झाले इथं राहून राहिलो. कोणी काही म्हणत नाई. आपल्या नंदिनीचं पाणी सगळ्यांच्या पाण्यात पडन का नाई, हे तुमी अठ्ठेचाळीस घरांले विचारून राहिले. काहून विचारता? न विचारता चाललं आहे नं."

"नवीन पोरं आहेत रे ही. तुझ्या-माझ्या वेळचं त्यांच्यात काही नाही."

"पोरांच्यात नाई," प्रेमानंद म्हणाला आणि हेल्मेट घेऊन गेला.

दवाची युक्ती नंदिनीनं शोधून काढली. स्कीमच्या बाजूला एक रिकामा प्लॉट होता, गुडघाभर गवत वाढलेला. थंडीचे दिवस, सकाळी साडेसहाला तिथं पांढरं धुकं बसलेलं असे. ती आजोबांना उठवून नेई. मलमलचा धुतलेला रुमाल गवतावरून हळूच फिरवायचा आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत पिळायचा. पहिल्या दिवशी सात थेंब निघाले. आनंदरावांना वाकवत नसे, ते कानटोपी घालून बाटली धरून उभे राहत.

"आबा, हालवू नका. तुमचा हात कापतो."

"थंडीनं कापतो."

"उन्हाळ्यात भी कापतो."

अकरा सकाळी गेल्या तेव्हा बाटली निम्मी भरली. नंदिनीनं तिला निळं बूच घट्ट बसवलं आणि ती फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे ठेवली. कुणी फ्रिज उघडला की ती ओरडे, "राजाचं आहे!"

सव्वीस तारखेला दोन दिवस उरले असताना आनंदराव अंगणातल्या बाकावर ऊन खात बसले होते. गिरिधरच्या आई, यमुताई, मण्यांची माळ ओढत शेजारी येऊन बसल्या. आनंदरावांना त्यांचा स्वभाव आवडे. दिवाळीत पहिलं ताट त्यांच्याकडून येई. गेल्या वर्षी आनंदराव आजारी पडले, तेव्हा त्या तीनदा दारापर्यंत येऊन विचारपूस करून गेल्या. आनंदरावांची सून चहा ठेवते म्हणाली, तर यमुताईंना नेमका उपास असे. कधी सोमवारचा, कधी चतुर्थीचा, एकदा गुरुवारचा. आनंदरावांनी हे उपास कधी एकापुढे एक मांडून पाहिले नव्हते.

"गुरुजी, नाटक छान लिवलं म्हणते गिरिधर."

"मुलंच छान आहेत, ताई."

"हो." त्यांनी माळेचे दोन मणी सरकवले. "सगळ्याच घरचं पाणी एकत्र करान का हो?"

"सगळ्याच."

"पोराच्या तोंडात जाते नं पाणी. डोक्यावरून येते म्हणजे."

"एखादा थेंब जाईलही."

"थंडीचे दिवस आहेत," यमुताई म्हणाल्या. "त्याले लगेच सर्दी होते. लहानपणापासूनचं आहे त्याचं." आणि मग त्यांनी संत्र्याच्या भावाचं काढलं.

सव्वीसच्या सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. पार्किंगसमोर खुर्च्या मांडल्या होत्या, एका बाजूला तर्री-पोह्यांचं पातेलं चढलं होतं आणि त्याचा वास साऱ्या स्कीमभर पसरला होता. आनंदरावांनी लोखंडासारखी कडक इस्त्री केलेला पांढरा सदरा घातला होता. त्यांच्या हातून दोरी ओढली गेली, झेंडा उलगडला, फुलं खाली पडली. राष्ट्रगीत झालं. गिरिधरनी माइकवरून सांगितलं, की आपल्या स्कीमला असे गुरुजी लाभले हे आपलं भाग्य. टाळ्या झाल्या. ते मनापासून बोलत होते, हे त्यांच्या आवाजावरून कुणालाही कळलं असतं. आनंदराव नाटकासाठी मुलांमागे जायला निघाले, तर गिरिधरनी त्यांचा दंड धरून त्यांना पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसवलं.

"आज तुमी पाहुणे, सर. बसा. पोरं करतात बरोबर."

नाटक सुरू झालं. ऋषी कमरेला शेला गुंडाळून घरोघर फिरला, वाक्य विसरला, आठवलं, लोक हसले. मग स्टूल आलं आणि तो त्यावर बसला. त्याच्या बाजूला टेबल, टेबलावर तांब्याची घागर. घागरीच्या तोंडावर आंब्याची पानं आणि नारळ ठेवला होता.

तालमीत घागरीवर काही नव्हतं. ती उघडी आणि रिकामी असायची.

नूपुर आधी आली. "मी आणलं काटोलच्या विहिरीचं पाणी," ती खणखणीत आवाजात म्हणाली आणि तिनं तांब्या वाकडा केला. पाणी घागरीच्या बाजूनं, टेबलावरच्या चादरीआड कुठंतरी गेलं. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. दुसरा आला, कन्हानच्या नळाचं पाणी घेऊन. तेही बादलीत. मुलं सांगितल्यासारखी नीट करत होती, एकानंही इकडेतिकडे सांडलं नाही. मागच्या खुर्च्यांवरून पाहणाऱ्याला सगळं घागरीतच पडल्यासारखं दिसलं असतं. आनंदराव पहिल्या रांगेत होते.

त्यांनी मान वळवून पाहिलं. यमुताई खांबाशी उभ्या होत्या आणि नातवाकडे डोळे भरून पाहत होत्या. प्रेमानंद शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून, जमिनीकडे.

घर कुणाचंच वगळलं नव्हतं. सगळ्यांचंच पाणी बादलीत जात होतं. कुणाला विचारायचं म्हटलं, तर विचारायला काही उरलंच नव्हतं.

सगळ्यांत शेवटी नंदिनी आली. हातात औषधाची बाटली. ती बादलीपाशी थांबली. तिनं खाली पाहिलं, मग समोर, आजोबांकडे. दोघांची नजर एक क्षण मिळाली असेल-नसेल. मग तिनं बाटली वर उचलली, पार घागरीच्या तोंडावर नेली, आणि पानांच्या फटीतून ओतल्यासारखी उलटी धरली. दुसऱ्या हाताची ओंजळ तिनं बाटलीच्या तोंडाभोवती केली होती, समोरच्याला दिसू नये म्हणून. बोटांमधून बुचाची निळी कड दिसत होती.

"मी आणलं दवाचं पाणी," ती म्हणाली. "अकरा दिवसांचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन मोठ्या माणसांनी पानं नि नारळ बाजूला काढून घागर उचलली आणि ऋषीच्या डोक्यावर धरली. पाणी पडलं. थंडीतल्या उन्हात त्याच्या केसांतून, खांद्यांवरून पांढरी वाफ निघाली आणि सरळ वर गेली. ऋषी डोळे मिटून हसत होता. पाणी चांगलं कढत असावं. कुणीतरी म्हणालं, "वा! काय सीन आहे!" आणि सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

आनंदरावांनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर त्यांच्या थांबल्या.

पोह्यांच्या वेळी यमुताई बशी घेऊन त्यांच्याजवळ आल्या. आज त्यांना उपास नव्हता.

"गुरुजी, रागावले तर नाई? पोराले रात्रीपासून शिंका येऊन राहिल्या होत्या. म्हणून आमच्या गिझरचं गरम पाणी भरून दिलं. नाटकातलंच तर होतं."

आनंदरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा, सुरकुतलेला, मायाळू चेहरा. त्यात लबाडी कुठं सापडते का, ते त्यांनी शोधलं. सापडली असती तर बरं झालं असतं.

"बरं केलं, ताई," ते म्हणाले. "एवढ्या थंडीत गार पाणी मीच सुचवायला नको होतं."

प्रेमानंद बाजूला येऊन उभा राहिला. "मी म्हणलंच होतं बाबाले," तो यमुताईंना म्हणाला आणि हसला. "पोरगं बिमार पडलं असतं फालतूचं." मग तो गिरिधरबरोबर खुर्च्या उचलायला गेला. दोघं क्रिकेटच्या गप्पा मारत खुर्च्या एकात एक घालत होते. कोपऱ्यात झाडणारी बाई बादली उचलून घेऊन गेली आणि पायऱ्यांवर सांडलेली तर्री त्या पाण्यानं धुऊ लागली. विहीर, कन्हान, बोअर, टँकर, सगळं एक होऊन नालीकडे गेलं.

नंदिनी जिन्याच्या कठड्याशी उभी होती. तिचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशांत होते.

"झालं का वं तुझं काम?" आनंदरावांनी विचारलं.

"झालं."

"दव?"

"ओतलं नं आबा. घागरीत. तुमी पाह्यलं नाई का?" ती भराभर बोलली. "बाकीच्यांचं सांडलं थोडं. माझं बरोब्बर आत गेलं."

तिच्या खिशातला हात घट्ट मिटलेला होता. लोकरीतून त्याचा आकार दिसत होता. आनंदरावांना आठवलं, शाळेत असताना मुलं खोटं बोलली की ती वर पाहत, छताकडे. ही सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहत होती, त्यांना काही होऊ नये म्हणून. असं खोटं ते आयुष्यात एकदाच बोलले होते, आपल्या आईशी. तेव्हा तेही नंदिनीसारखे दहाच वर्षांचे होते.

"पाहिलं तर," ते म्हणाले. "छान ओतलंस."

तिनं श्वास सोडला. "चला, पोहे संपतीन," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून त्यांना रांगेकडे घेऊन गेली. पायरी आली तिथं ती थांबली आणि त्यांचा पाय नीट पडेपर्यंत उभी राहिली.

रविवारी चार वाजता सातही मुलं आली. ऋषी नाक ओढत होता. सर्दी आधीची की नंतरची, ते आनंदरावांनी विचारलं नाही. त्याच्या मोबाइलमध्ये वाफेचा व्हिडिओ होता, तो सगळ्यांनी पुन्हा एकदा पाहून घेतला. नंदिनीनंही पाहिला.

"सर, आज कोणता शब्द?" नूपुरनं विचारलं.

आनंदरावांनी फळा पुसला. खडू हातात घेतला. शब्द त्यांनी दुपारीच निवडून ठेवला होता.

"आबा," नंदिनी म्हणाली, "आज शब्द नको. गणित घ्या नं."

"रविवारी गणित?" ऋषी किंचाळला. "पागल झाली का वं तू?"

"परीक्षा आहे."

परीक्षा मार्चमध्ये होती. मुलांनी कुरकुर केली, एकानं सतरंजीवर लोळण घेतली. नंदिनी वहीचं कोरं पान तळहातानं दाबून सपाट करत राहिली. आनंदराव बराच वेळ तिच्या त्या हाताकडे पाहत होते. मग ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी एकोणीसचा पाढा लिहायला घेतला.

मुलं एका सुरात म्हणू लागली. नंदिनीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.